काट्यावर न चढलेली पिशवी

गेल्या सप्टेंबरमधल्या एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका गवती धावपट्टीवरून उडालेले छोटे विमान काही क्षणांतच डाव्या अंगावर कोसळले. विमानात तिघे होते. वैमानिक ग्लेन याच्या बरगड्या आणि गळ्याजवळचे हाड मोडले. माझ्या थोरल्या भावाचे मनगट मोडले. माझ्या कपाळाला टाके पडले. कोणी दगावले नाही. गावाचे नाव देत नाही. तिथल्या लोकांनी तशी विनंती केली आहे.

विमान जुने नव्हते, जुन्यासारखे बांधलेले होते. प्रवासी घेऊन विमाने उडू लागली त्या अगदी सुरुवातीच्या काळात, साधारण शंभर वर्षांपूर्वी, याच गावातून दोन प्रवाशांना घेऊन उडालेले एक विमान धावपट्टीच्या टोकाशी पडले होते. एक प्रवासी गेला. कारण कधीच ठरले नाही. गावातल्या हौशी मंडळींच्या क्लबने त्या विमानाची प्रतिकृती बांधली होती आणि तेव्हा राहून गेलेला प्रवास आता पुरा करायचा होता. क्लबमध्ये माझा भाऊ होता. म्हणून मी तिथे होते.

रेजिना, बुधवार

दादा पन्नासएक वर्षांपूर्वी रेजिनाला आला. विद्यापीठात यंत्रअभियांत्रिकी शिकवून निवृत्त झाला. विमानतळावर तो न्यायला आला तेव्हा पहिले अर्धे मिनिट माझ्याकडे पाहत होता आणि पुढचे माझ्या बॅगेकडे.

"खलबत्ता आणलास ना?"

आणला होता. नाशिकहून, दगडी, बत्त्यासकट. मुंबईच्या विमानतळावर बॅग जड भरली, तेव्हा मी वाचायला घेतलेली चार पुस्तके आणि लोकरी कोट बाहेर काढून भाच्याकडे परत दिला. खलबत्ता आत राहिला. तो दादासाठी नव्हता, वहिनींसाठीही नव्हता. तो मंगलसाठी होता. मंगल ही वहिनींची मैत्रीण. तिचे डॉक्टर यजमान निवृत्त झाल्यापासून दोघे रेजिनाच्या पश्चिमेला एका छोट्या गावात राहतात. तिथे दगडी खलबत्ता मिळत नाही. मिक्सर मिळतो, पण मंगलला तो चालत नाही.

कोट नसल्यामुळे मी पुढचे सगळे दिवस दादाचे जुने जाकीट घालून हिंडले. सप्टेंबरमध्ये तिथे सकाळी गवतावर दहिवर पांढरे पडलेले असते.

घरी वहिनींनी वरण-भात, भोपळ्याचे भरीत आणि तळलेली मिरची वाढली. दारात चपला-बूट काढायची पद्धत तिथे गोऱ्यांच्या घरीही आहे, हे मला बरे वाटले. बाकी जेवताना फक्त विमानाचा विषय होता, हे तितके बरे वाटले नाही.

"त्या काळी प्रवाशांना धान्याच्या काट्यावर तोलायचे," दादा म्हणाला. "बायकासुद्धा. चारचौघांत. वेट अँड बॅलन्स, शुभा. किती वजन, आणि कुठे. बाकी सगळं नंतर."

"यांच्या क्लबनेही तेच केलंय," वहिनी म्हणाल्या. "क्लबमध्ये जायचं तर काट्यावर उभं राहायचं. मी नाही जात."

"तुला कोण बसवतंय विमानात?"

"मीच बसत नाहीये, व्हीजे."

क्लबात दादाला सगळे व्हीजे म्हणतात. विजय म्हणायला त्यांना जड जाते. वहिनी चिडल्या की तेच नाव घेतात.

रात्री दादाने मला शंभर वर्षांपूर्वीच्या वैमानिकाची हकीकत सांगितली. अपघातानंतर तो जिवंत राहिला. कोणी म्हणाले प्यायला होता, कोणी म्हणाले घाई केली. पुरावा कोणाकडेच नव्हता. दोन हिवाळ्यांनंतर तो घर विकून गाव सोडून गेला. गावात आजही लोक त्याची चूक होती असेच सांगतात.

"एवढी वर्षं बिचाऱ्याच्या माथी," दादा म्हणाला. हे त्याने मला त्या मुक्कामात तीन वेळा सांगितले.

गाव, गुरुवार आणि शुक्रवार

रेजिना सोडले की रस्ता सरळ जातो. वळण असे येतच नाही. दोन्ही बाजूंना कापलेले गहू, मळणीयंत्रे, त्यांच्यामागे धुळीचा लोट, आणि मैलामैलावर धान्याची उंच लाकडी कोठारे. माझ्या डोळ्याला काही धरायला मिळेना. दादाला विचारले, इथे पाहण्यासारखे काय आहे. तो म्हणाला, "आकाश." आकाश होते.

हँगर म्हणजे पूर्वीची ट्रॅक्टरची शेड. आत विमान उभे होते. दोन मजली पंख, मध्ये तारा, अंगावर ताणलेले कापड. पुढे उघड्या खोबणीत दोन प्रवाशांची शेजारी शेजारी आसने, मागे वैमानिकाचे, आणि त्याच्याही मागे, शेपटीच्या बाजूला, हत्यारे ठेवायचा एक कप्पा. दादाने मला कप्प्याचे झाकण उघडून दाखवले. आत एक पाना आणि एक फडके होते.

"इथे याहून जास्त काही नाही," तो म्हणाला. "शेपूट जड झाली की नाक वर जातं. नाक वर गेलं की संपलं."

शेडच्या दाराशी काटा होता. शेजारच्या शेतकऱ्याचा, धान्याच्या पोत्यांचा. मला चढवले. दादाने मोठ्याने आकडा वाचला आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिला. मग म्हणाला, "जाकिटाच्या खिशात काय आहे?" खिशात चष्म्याचे घर होते. तो म्हणाला, ते घेऊन पुन्हा चढ. मी पुन्हा चढले.

ग्लेन बाजूला उभा राहून हसत होता. सत्तरीचा, उंच, आयुष्यभर गव्हाची शेती केलेला माणूस. पिकांवर फवारणी करायला विमान चालवायचा. त्याने माझ्यापुढे येऊन माफी मागितली. कशाबद्दल, ते विचारल्यावर म्हणाला, व्हीजेबद्दल. त्या दोन दिवसांत तो किती वेळा सॉरी म्हणाला ते मी मोजले नाही. वारा सुटला, सॉरी. कॉफी संपली, सॉरी. गुरुवारचे उड्डाण वाऱ्यामुळे रद्द झाले, शुक्रवारचेही. दोन्ही दिवस आम्ही पहाटे उठून दीड तास गाडीने गेलो आणि दुपारी परत आलो. वारा मला तरी दोन्ही दिवस सारखाच वाटला. शनिवारीही तो तसाच होता, पण शनिवारी ग्लेन म्हणाला की बरा आहे.

शुक्रवारी दुपारी क्लबच्या बायकांनी जेवण केले होते. ज्याने त्याने घरून एक पदार्थ आणायचा, अशी पद्धत. पेरोगी नावाचा प्रकार होता: मैद्याच्या पारीत बटाटा भरायचा, करंजीसारखी दुमडायची आणि उकडायची. वर कांदा आणि आंबट साय. दिसायला मोदकाचा चुलतभाऊ. वहिनींनी एक खाऊन मला मराठीत सांगितले, "मीठ विसरले नाहीत, मिठाला भ्यालेत." आणि वाढणाऱ्या बाईंना इंग्रजीत सांगितले की अप्रतिम झाले आहे.

शनिवार

विमान मंगलच्या गावाजवळच्या धावपट्टीवर उतरणार होते. ती जागा क्लबने नकाशा पाहून निवडली होती. मंगल तिथून दहा मिनिटांवर राहते हा निव्वळ योगायोग. दुपारचे जेवण तिच्याकडे होते.

आपल्याकडे कोणी कुठे निघाले की त्याच्याबरोबर काहीतरी धाडले जाते. नाशिकहून पुण्याला जाणाऱ्याकडे लोणचे, पुण्याहून लंडनला जाणाऱ्याकडे मेतकूट. जाणाऱ्याला विचारत नाहीत. वहिनी इतकी वर्षे कॅनडात आहेत, पण हे त्यांनी सोडलेले नाही. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा त्यांच्या हातात जाड कापडी पिशवी होती.

"हे काय?" दादा म्हणाला.

"मंगलचं. डिंकाचे लाडू, चकल्या, दोन बरण्या लोणचं. आणि तिचा खलबत्ता."

"गाडीने नेऊ की पुढच्या आठवड्यात."

"चार महिने झाले पुढच्या आठवड्याला. आयतं विमान जातंय तिच्या दारात. रिकाम्या हातांनी उतरणार तिच्याकडे जेवायला?"

क्लबची सगळी मंडळी पलीकडे कॅमेरे घेऊन उभी होती. दादाने पिशवी घेतली, तो विमानाच्या मागे गेला, आणि परत आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. ग्लेन त्या वेळी पुढे पंख्यापाशी होता. मी हे पाहिले. ज्या माणसाने माझे चष्म्याचे घर तोलले, त्याने पिशवीही हिशेबात धरली असेल असे मी गृहीत धरले. गृहीत धरू नये हे मी तीस वर्षे उपसंपादकांना सांगत आले आहे.

आम्ही बसलो. विमान गवतावरून उसळत धावले. चाके जमिनीवरून सुटली तसे नाक वर गेले, आणि वरच जात राहिले. मला समोर फक्त आकाश दिसत होते. इंजिनचा आवाज चालू होता पण पुढे जाणे थांबल्यासारखे वाटले. मग डावा पंख खाली गेला आणि आपटलो. आग लागली नाही. पंख, तारा आणि कापड आमच्या अंगावर होते. दादा शेजारून म्हणत होता, "शुभा, पाय हलतात का? पाय हलव." पाय हलत होते. मागे ग्लेन विव्हळत होता आणि मध्येच म्हणाला, "सॉरी."

गावातल्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग त्या दिवशी डॉक्टर नसल्यामुळे बंद होता. आम्हाला दीड तासावर रेजिनाला नेले. तिथे ग्लेनला आत घेतले. दादा आणि मी संध्याकाळपर्यंत खुर्च्यांवर बसून राहिलो. एक नर्स मधूनमधून येऊन दिलगिरी व्यक्त करायची.

मोडक्या विमानाला चौकशी होईपर्यंत कोणी हात लावायचा नसतो. क्लबच्या लोकांनी लावला नाही. फक्त गवतात पसरलेले लाडू आणि चकल्या मात्र त्यांनी वेचल्या, बरण्या पुसल्या, खलबत्ता आणि बत्ता फडक्यात गुंडाळला, आणि सगळे पिशवीत भरून वहिनींना आणून दिले. खाण्याचे सामान पडून राहिले तर रात्री कोल्हे येतील, आणि बाईंना वाईट वाटेल, असा त्यांचा विचार. एकही बरणी फुटली नव्हती.

रविवार

विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी अधिकारी दुपारी घरी आली. चाळिशीची, शांत बाई. मी औषधाने झोपले होते, म्हणून माझा जबाब मंगळवारी घ्यायचे ठरले. दादाचा तिने घेतला. फळ्यावरची वजने तिने पाहिली होती. सामान काही होते का, तिने विचारले.

"नथिंग टु स्पीक ऑफ," दादा म्हणाला. म्हणजे सांगण्यासारखे काही नाही.

हे मला वहिनींनी संध्याकाळी सांगितले. सहज, भाजी चिरता चिरता. त्यात काही आहे असे त्यांना तेव्हा माहीत नव्हते.

मी दादाकडे गेले. तो बेसमेंटमध्ये प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून टीव्हीपुढे बसला होता. टीव्ही बंद होता.

"पिशवी हिशेबात होती?"

"नव्हती."

"मग सामान नव्हतं असं का सांगितलंस?"

"सामान नव्हतंच ते. डबा होता. बायकोने दिलेला डबा." मग म्हणाला, "मनात आकडा मांडला होता मी. पाच-सहा किलो धरले. चालण्यासारखं होतं."

"खलबत्ता धरलास त्यात?"

त्याने हाताखालची उशी नीट सरकवली.

"मंगळवारी ती मला विचारणार," मी म्हटले. "मी सांगणार. त्याआधी तू सांग."

"सुनंदाला काय सांगू? तुझ्या लाडवांनी विमान पाडलं? इथलं महाराष्ट्र मंडळ तुला माहीत नाही. दिवाळीला हिच्या फराळाच्या ताटापाशी उभे राहून हसतील."

"शंभर वर्षांपूर्वीच्या वैमानिकाबद्दल तीन वेळा ऐकवलंस मला."

"ते वेगळं."



सोमवार

सकाळी तिघेही ग्लेनला पाहायला गेलो. दादाने एका हाताने फुले धरली होती. ग्लेन उशांना टेकून बसला होता. श्वास घेताना त्याला दुखत होते, तरी बोलत होता. त्याने ठरवून टाकले होते. नाक आपणच लवकर उचलले असणार, दुसरे कारण दिसत नाही, वय झाले. अधिकारी बाईंना तो तसे सांगणार होता आणि लायसन्स स्वतःहून परत करणार होता. क्लबचे विमान मोडले याबद्दल त्याने दादाची माफी मागितली.

"सॉरी, व्हीजे. चार वर्षं घातलीस तू त्यात."

दादाने फुले खिडकीत ठेवली. ती पडली. मी उचलून पुन्हा ठेवली. दादा म्हणाला, आराम कर. आम्ही निघालो.

गाडी वहिनी चालवत होत्या. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारले, "तो लवकर उचलून बसला म्हणतोय, पण तुम्ही तर नेहमी म्हणता की शेपूट जड झाली की नाक आपोआप वर जातं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला नाही. तिथे वाजवत नाहीत, वाट पाहतात.

"पिशवी कुठे ठेवली होती तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

"मागे."

"मागे म्हणजे त्या पान्याच्या कप्प्यात?"

"हो."

घरी आल्यावर त्या बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात घेऊन आल्या आणि पिशवी त्यावर ठेवली. एकोणीस किलो भरले. त्यातले काही लाडू शनिवारीच मातीत गेले होते.

"एकोणीस," वहिनी म्हणाल्या. "आणि मला सांगितलं नाहीत. नको म्हणाला असतात तर रागावले असते मी, फार तर. दोन दिवस. तेवढं झेपलं नसतं तुम्हाला?"

"सगळे बघत होते, सुनंदा."

"बघू दे ना! आणि काल त्या बाईला काय सांगितलंत? नथिंग? माझे लाडू नथिंग?" त्यांनी मिल्टन नावाच्या गावी राहणाऱ्या मुलीला, अनूला, फोन लावला. अनूने सगळे ऐकून घेतले आणि इंग्रजीत एवढेच म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम." वहिनींनी फोन दादापुढे धरला. दादा म्हणाला, "हो, कळलं." अनूने विचारले, कळलं म्हणजे सांगणार का. दादा म्हणाला, उद्या.

मंगळवार

अधिकारी बाई सकाळी आली. बूट काढून आत आली, माझ्याकडे पाहून बसणार, एवढ्यात दादा म्हणाला की आधी त्याला बोलायचे आहे. पिशवी ओट्यावर होती.

"ही मागच्या कप्प्यात होती," तो म्हणाला. "मी रविवारी सांगितलं नाही."

ती उभीच राहिली. कोणी ठेवली, तिने विचारले.

"मी," वहिनी म्हणाल्या.

"नो," दादा म्हणाला. "शी गेव्ह इट टु मी. आय पुट इट देअर. पायलट डिड नॉट नो."

तिने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. पायलटला माहीत नव्हते, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? नक्की, दादा म्हणाला. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी जे पाहिले होते ते सांगितले: पिशवी कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, ग्लेन कुठे उभा होता. त्याला मी पिशवीजवळ पाहिले नव्हते. एवढेच मला माहीत होते.

तिने स्वतःच्या काट्यावर पिशवी तोलली. मग एकेक वस्तू बाहेर काढून फोटो घेतले. खलबत्ता दोन्ही हातांनी उचलला आणि हे काय असते ते विचारले. वहिनींनी सांगितले. मग चहा विचारला. चौकशी चालू असताना काही घेता येत नाही, असे ती म्हणाली. पाणी? पाणीही नको. वहिनी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "एवढं खरं सांगितलं, आणि घोटभर पाणी घेत नाही."

दुपारी दादा एकटाच टॅक्सी करून ग्लेनकडे गेला. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. परत आल्यावर मी विचारले. तो म्हणाला, ग्लेन जे बोलला त्यात सॉरी नव्हते.

नाशिकला परतल्यावर

मी त्याच आठवड्यात निघाले. चौकशीचा अंतिम अहवाल अजून आलेला नाही. ग्लेनचे लायसन्स कायम आहे. ते त्याने परत केले नाही.

क्लबची सभा ऑक्टोबरमध्ये झाली. दादाचे सभासदत्व रद्द करावे असा ठराव मांडला गेला. दादा हजर होता. त्याने बोलायला नकार दिला. ठराव हात वर करून मंजूर झाला. दादाने मला हे फोनवर सांगितले आणि सभेला हजर असलेल्या दुसऱ्या एका सभासदाकडून मी त्याची खात्री करून घेतली. ठरावाच्या विरोधात एकच हात वर गेला. तो ग्लेनचा होता.